आधी मत, मग घाम

‘लोकसहभाग’ हा शब्द हल्ली इतका गुळगुळीत झालाय की तो कानावर पडताच सगळ्यांच्या माना डोलतात. समुद्र वर चढतोय, लहान बेटांवरची गावं धोक्यात आहेत, तिथं जे काही करायचं ते गावकऱ्यांना सोबत घेऊन करावं. याला नाही कोण म्हणणार? पण सोबत घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारलं की बोलणं अडखळतं.

घर बांधताना घरातल्या बाईला विचारतात, हे खरंच आहे. पण कधी? भिंती उभ्या राहिल्यावर. फरशी कुठल्या रंगाची हवी, म्हणून. ओटा कुठं, खिडकी कुठं, सांडपाणी जाणार कुठून, हे सगळं तोवर ठरून गेलेलं असतं. वर पुन्हा ‘तुला विचारूनच तर केलं’ हेही ऐकायचं!

फिजी देशातल्या वुनिदोगोलोआ या गावाविषयी वाचताना मला हेच आठवत राहिलं. व्हानुआ लेवू बेटाच्या किनाऱ्यावरचं हे जेमतेम दीडशे वस्तीचं गाव. भरतीचं पाणी घरात शिरू लागलं, खारं पाणी पिकांत गेलं, समुद्राला अडवायला घातलेले बांध टिकले नाहीत. अखेर 2014 साली सारं गाव सुमारे दोन किलोमीटर आत, उंचावर हललं. समुद्र चढतोय म्हणून सरकारी योजनेतून अख्खं हलवलेलं फिजीतलं हे पहिलं गाव. जागा गावाच्याच वडिलोपार्जित जमिनीतली होती. घरांसाठी लाकूड गावानं आपल्या रानातलं दिलं. लोकांनी मागितलं, लोकांनी दिलं, लोकांनी उभारलं. सहभागाचा याहून चांगला दाखला कुठं मिळणार?

आणि तरीही ती नवी घरं स्वयंपाकघराविना उभी राहिली.

हे वाचून मी थबकलेच. पैसे पुरले नसतील, आराखडा घाईत झाला असेल. कारणं काहीही असोत. पण जिला रोज चूल पेटवायची आहे, तिला आराखड्यापुढं बसवून ‘बाई, यात काय राहिलंय?’ असं कुणी विचारलं असतं, तर तिनं पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. गावाला विचारलं, म्हणजे गावातल्या प्रत्येकाला विचारलं असं होत नाही. गाव बोलतं तेव्हा बहुधा कर्तीसवरती माणसं बोलत असतात. सुना, म्हाताऱ्या, पोरंटोरं मागं बसून ऐकतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. समुद्र काही सभा संपायची वाट पाहत थांबत नाही. दहा तोंडं, दहा मतं. विचारत बसलो तर पाणी उंबऱ्याशी येईल. शिवाय भरतीचं गणित इंजिनिअरला कळतं, आजीबाईला नाही. मान्य. पण पाणी किती चढेल हे इंजिनिअरनं सांगावं; जाताना काय सोबत न्यायचं आणि कशाविना जगता येणार नाही, हे तो कसं सांगणार? फिजीच्या भाषेत ‘वानुआ’ या एकाच शब्दात जमीन, तिच्यावरची माणसं आणि त्यांच्या चालीरीती सामावतात. जिथं भाषाच या तिन्ही गोष्टी वेगळ्या करत नाही, तिथं नुसती घरं हलवून भागत नाही. घाईत न विचारता केलेलं काम पुढं दुसऱ्यांदा करावं लागतं, हे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. जगाच्या धुरात या लहान बेटांच्या देशांचा वाटा एक टक्काही नाही. धूर केला इतरांनी. घर सोडायचं यांनी. मग लाकूडही यांनीच द्यावं, अंगमेहनतही यांनीच करावी आणि त्याला आपण सहभाग म्हणावं, हे न्यायाचं आहे का? कधीकधी वाटतं, गोड शब्दाआडून बिल भलत्याच्याच हाती दिलं जातंय.

तरी गावकऱ्यांनी काही देऊच नये, असंही मला म्हणवत नाही. आपल्या रानातल्या लाकडाचं घर आणि कुणी बांधून दिलेलं घर, यात फरक असतो. देण्यात मान आहे. फक्त तो मान केव्हा राहतो आणि त्याची वेठ केव्हा होते, हे पाहायला हवं. मला उमगलेली कसोटी साधी आहे: ज्यानं आधी मत मागितलं, त्यालाच नंतर घाम मागण्याचा अधिकार. आणि मत मागितलं याची खूण एकच, समोरच्याला ‘नाही’ म्हणता येणं. जिथं ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथला होकार म्हणजे नुसती सही.

2018 साली फिजीनं गावं हलवण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. कागदावर ती आली हे चांगलंच झालं. पण कागद काही चूल मांडत नाही. पुढचं गाव हलेल तेव्हा आराखडा आधी स्वयंपाकघराच्या दारातून जावा, एवढंच म्हणणं आहे.