रिकामा रकाना कोणाच्या माथी?

वीज नियोजनाच्या मॉडेलला रिकामा रकाना चालत नाही. आपण आकडा दिला नाही, तर ते स्वतःजवळचा भरतं, तोच डिफॉल्ट. ओसेमॉसिस हे 2011 मध्ये मांडलं गेलेलं मोफत मॉडेल घ्या. एक गिगावॉटचा संच वर्षभर अखंड चालला तर 31.536 पेटाज्यूल वीज होते. हा गुणक भरायचा राहिला की मॉडेल तिथे 1 धरतं, म्हणजे प्रत्येक वीजकेंद्र एकतिसाव्या हिश्श्याइतकंच काम करणार! नवी केंद्रं उभारण्यावर मर्यादा असेल तर गणित सुटत नाही आणि पडद्यावर ‘इन्फिजिबल’ हा शेरा उमटतो. शिकणारे वैतागतात. मला तो शेरा प्रामाणिक वाटतो. जमत नाही हे यंत्र निदान कबूल तरी करतं.

भीती आहे ती सुटलेल्या गणिताची. सौर पॅनेलच्या क्षमता-गुणकाचा, म्हणजे ते कोणत्या वेळी पूर्ण ताकदीच्या किती हिश्श्याने चालतं याचा, रकाना रिकामा राहिला तर तिथेही 1 च. मग पॅनेल अमावास्येच्या मध्यरात्रीही पूर्ण ताकदीने वीज देतं, उत्तर झकास स्वस्त येतं आणि कोणाला शंकाही येत नाही.

आपल्या नियोजनातले डिफॉल्ट याहून सभ्य दिसतात. ‘वाढ सरासरीने धरू’ हा त्यातला लाडका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवरची ओळीने तीन स्टेशनं. 2001 ते 2011 या दशकात या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या सुमारे 20 टक्क्यांनी वाढली. ही सरासरी बदलापूरला लावली तर 2011 साली तिथे 1 लाख 18 हजार माणसं असायला हवीत. जनगणनेत निघाली 1 लाख 74 हजार. उल्हासनगरात 5 लाख 70 हजार हवीत. निघाली 5 लाख 6 हजार. बेरीज जुळते, त्यामुळे फाइल पुढे सरकते. पण रोहित्र बेरजेवर चालत नाही. बदलापूरच्या नव्या इमारतींचा भार तिथल्याच रोहित्रावर पडणार. उल्हासनगरच्या कागदावर शिल्लक दिसणारी क्षमता त्याच्या मदतीला धावत नाही. शिवाय उल्हासनगरच्या कॅम्पांत राहत्या घरात शिलाई यंत्रं चालतात; ‘दर कुटुंबामागे इतके युनिट’ हा ठोकताळा तिथे लावायचा कसा? त्यात 2021 ची जनगणना झालीच नाही.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अठराव्या सर्वेक्षणाने 2021-22 साठी देशाची कमाल मागणी 283 गिगावॉट धरली होती. प्रत्यक्षात ती 203 च्या आसपास राहिली. अशा अंदाजांवर केलेल्या वीजखरेदी करारांत वीज घेतली नाही तरी स्थिर आकार चुकत नाही. तो भरतो ग्राहक, ज्याला रकाना कोणी दाखवलाच नव्हता. म्हणून हा प्रश्न मला तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतो. ग्रंथप्रामाण्याशी शतकभर भांडलेल्या महाराष्ट्राने ‘मॉडेल सांगतं’ एवढ्यावर मान का डोलवावी?

2003 च्या वीज कायद्याने दरनिश्चितीच्या प्रस्तावावर कोणालाही हरकत नोंदवता येते. आपण तिथे युनिटमागच्या पैशांवर तावातावाने बोलतो, गृहीतकांकडे वळत नाही. यापुढे हरकतीत एक मागणी हवीच: मागणीच्या अंदाजातला प्रत्येक आकडा मोजलेला की मानलेला, मानलेला असेल तर कोणी आणि कशावरून, हे शहरवार छापा. बदलापूरचा रकाना वेगळा, उल्हासनगरचा वेगळा.