नाबोथाचा द्राक्षमळा आणि आपले सेवाकार्य

कुठेही आपत्ती कोसळली की आपल्या धर्मग्रामांतून मदतीचा ओघ सुरू होतो. धान्य, कपडे, पांघरुणे गोळा होतात. तरुण मंडळी रात्री जागून ट्रक भरतात. ही आपल्या समाजाची पुण्याई आहे. परंतु दान पोहोचले म्हणजे न्याय झाला काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी ह्यांच्यावर तोच प्रसंग ओढवला. 'पावसाने घात केला' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पाऊस तरी पूर्वीचा कुठे राहिला आहे? १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणारी अतिवृष्टी सुमारे तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. एखाद्या दरडीचा हिशेब एखाद्या धुराड्याशी जुळवता येत नाही, हे खरे. तथापि जिथवर मोटारीचा रस्ताही गेला नव्हता त्या ठाकरवाडीचा पृथ्वी तापवण्यात वाटा तो कितीसा? अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, ह्यालाच आपण एरवी अन्याय म्हणतो.

राजांच्या पहिल्या ग्रंथात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देण्याची त्याची तयारी होती. व्यवहाराच्या दृष्टीने देकार वाईट नव्हता. तरीही वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने नकार दिला आणि त्यापायी प्राण गमावले. भरपाई आणि न्याय ह्यांतले अंतर ह्या कथेइतके स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल.

कोणी म्हणेल, धोक्याच्या डोंगराखालून माणसे हलवायला नकोत काय? अवश्य हलवावीत. प्रश्न एवढाच, की कोठे आणि कसे जायचे हे कोणी ठरवायचे? माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी घरे मिळाली. पहिल्याच पावसात रस्ते खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाविषयीचे निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून घ्यावेत असे सुचवले होते. तो अहवाल शासनाने स्वीकारला नाही.

येथेच समाजसेवकाचे खरे काम सुरू होते. ग्रामसभेत बसणे, कोणता झरा गढूळ झाला, कोणत्या उतारावर भेग पडली हे वृद्धांकडून समजून घेणे, २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे भरण्यास साहाय्य करणे, शासनाचा कागद सोप्या भाषेत वाचून दाखवणे. हे काम छायाचित्रात दिसत नाही. त्यात एक धोकाही आहे. पीडितांच्या वतीने बोलता बोलता त्यांचे बोलणेच आपण हिरावून घेतो. सेवकाने आवाज होऊ नये. ज्यांचा आवाज आहे त्यांच्यासाठी जागा करून द्यावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले. तो ऐकताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागेल. आपल्या पाणथळ जमिनीत भराव पडतो, त्याचा मुरूम कोणत्या तरी डोंगराच्या पोटातूनच येतो. जमीन विकणारे, घर बांधणारे आणि मदतीचा ट्रक भरणारे हात पुष्कळदा एकच असतात.

एलीया संदेष्टा अहाबाला जाब विचारायला गेला. पण तोवर नाबोथ मेला होता. आपल्याला मात्र पावसाळ्यापूर्वी जाता येते. येत्या वर्षी आपल्या धर्मग्रामांनी ट्रक भरण्याआधी एखाद्या वाडीच्या ग्रामसभेत जाऊन निमूट बसावे आणि ऐकावे, एवढीच विनंती.