पाण्याआडची स्मृती

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी वसलेला तापोळा ‘मिनी काश्मीर’ म्हणून ओळखला जातो, आणि इस्लामपूरहून शिराळ्यामार्गे पश्चिमेकडे गेल्यावर जंगलाने वेढलेला, वारणेवरील चांदोली धरणाचा वसंतसागर पाहणाऱ्यालाही तीच उपमा सुचू शकते. पण ज्याने काश्मीर कधी पाहिलेच नाही, त्याला येथे काश्मीर ‘आठवते’ असे म्हणता येईल काय?

न्यायदर्शनाचे उत्तर नकारार्थी आहे. कारण स्मृती म्हणजे पूर्वानुभवाने आत्म्यावर उमटलेल्या संस्कारातून, अर्थात त्या अनुभवाच्या सुप्त ठशातून, उपजणारे ज्ञान होय, आणि एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही. हा ठसा जागा करणाऱ्या कारणांची दीर्घ यादी गौतमांच्या न्यायसूत्रांत येते. सादृश्य हे त्यांतील केवळ एक असून वियोग आणि व्यवधान, म्हणजे आच्छादन, हीही त्याच यादीत आहेत. म्यान पाहून तलवार आठवते, असे व्यवधानाचे उदाहरण भाष्यकार वात्स्यायन देतात. वसंतसागराला हे उदाहरण विलक्षण लागू पडते. धरणासाठी आणि पुढे अभयारण्यासाठी (ते 1985 मध्ये घोषित झाले, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान बनले आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे) वारणेच्या खोऱ्यातील गावे उठली. तेथून सांगली-कोल्हापूरकडील पुनर्वसन वसाहतींत गेलेल्या माणसाला या जलाशयाकाठी जो प्रदेश आठवतो तो दूरचा नसून याच पाण्याखालचा, नाहीतर याच झाडीतला असतो, आणि पर्यटकाच्या उपमेपेक्षा ही आठवण कितीतरी खरी आहे.

वसाहतीत जन्मलेल्या नातीचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. तिने ते गाव पाहिलेले नाही, म्हणून न्यायाच्या काटेकोर निकषाने तिलाही ते आठवत नाही. तथापि त्याच दर्शनात स्मृतीला, ती यथार्थ असली तरी, प्रमेचा म्हणजे प्रमाणभूत ज्ञानाचा दर्जा नाही, तर आप्ताच्या, म्हणजे जाणत्या आणि सत्यवक्त्या व्यक्तीच्या, शब्दातून मिळणाऱ्या ज्ञानाला तो आहे. त्यामुळे आजीने सांगितलेल्या वाटा, पाणवठे आणि देवळे यांविषयीचे नातीचे ज्ञान हे आजीच्या आठवणीची फिकट नक्कल न ठरता, प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने तिच्याहून वरच्या पायरीचे ठरते.