खोली कोणाची?

घर सजविणे हा नीतिविचाराचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत असते. भिंतीला कोणता रंग द्यावा, फळी कोठे ठोकावी, पडदा कोणत्या कापडाचा असावा, या गोष्टी रुचीच्या. आणि रुचीवर वाद घालू नये असे शहाणे लोक सांगतात. परंतु ज्या खोलीत राहावयाचे आहे एकाने, तिचा रंग निवडावयाचा आहे दुसऱ्याने, पैसे मोजावयाचे आहेत तिसऱ्याने आणि जागा सोडावयाची आहे चौथ्याने, त्या खोलीचा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. बेताच्या मिळकतीच्या घरात मुलाची खोली नव्याने लावणे म्हणजे नेमका असा प्रश्न होय.

कोंकणीत खोलीला ‘कूड’ म्हणतात आणि देहालाही ‘कूड’च म्हणतात. मराठीतील ‘कुडी’ वाचकांच्या परिचयाची आहेच. या शब्दांचे मूळ एक की निराळे, हे भाषापंडितांनी ठरवावे. बोलणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत असतात, आणि मुलाच्या खोलीविषयी विचार करताना हे शेजारपण आम्हांस फार उपयोगी वाटते. देहाला काय हवे हे जसे बाहेरच्याने पूर्णपणे सांगता येत नाही, तसेच खोलीचेही आहे.

मुलाची स्वतंत्र खोली ही वस्तू आमच्या परंपरेतील नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. गोमंतकातील राजांगणाच्या घरांत देवखोली होती, बाळंतिणीची खोली होती, धान्याची होती. मुलांची म्हणून नव्हती. ती जेथे झोप येईल तेथे, बहुधा आजीच्या अंथरुणाला लागून निजत. बडोद्यास दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी वाड्यांतही असेच होते. मुलाच्या मालकीचा एखादा कोनाडा असे आणि दप्तराला एक खुंटी. म्हणून ‘मुलाला स्वतःची खोली हवीच’ असे आज जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती गरज कोठून आली हे विचारण्यात गैर काही नाही. आमच्या मते ती सर्वस्वी खोटी नाही. वाड्यातील मुलाला अंगण होते, ओटा होता, समोरचा बोळ होता. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात हे सारे गेले, आणि त्याची भरपाई आतल्या चार भिंतींकडून मागितली जाऊ लागली.

बडोद्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात गेल्या वर्षी हाच विषय निघाला. मुलगी नऊ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा पाच वर्षांचा. मागील खोलीत आजींची खाट, त्यांची पत्र्याची ट्रंक आणि शिवणयंत्र. ही खोली मुलीला द्यावी आणि आजींची खाट बैठकीच्या खोलीत आणावी असे आईवडिलांनी ठरविले. हाताशी पंधरा हजार रुपये होते. त्यात गुलाबी रंग, परीकथेतील राजवाड्याचे भिंतभर चित्र, नवे कपाट आणि नवी खाट बसविण्याचा बेत होता. आजी काहीच बोलल्या नाहीत. ज्यांना घरात नकार देण्याची सवय राहिलेली नसते, त्यांचे मौन संमती म्हणून धरण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे.

मुलीला विचारले तेव्हा तिने राजवाडा नको म्हटले. तिला हात पोहोचेल अशी फळी हवी होती, आणि खडूने लिहून पुसता येईल अशी एक भिंत. आजीची खाट राहू द्या, असेही ती म्हणाली. येथे कोणी डोळे पुसू नयेत. दुसऱ्याच दिवशी तिने आजीची ट्रंक मात्र बाहेर न्यावी असा हट्ट धरला. मूल संत नसते. परंतु त्याला काय हवे ते बहुधा ठाऊक असते, आणि ते आपण योजिलेल्याहून पुष्कळदा स्वस्त असते.

मग राजवाड्याचे चित्र कोणासाठी होते? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असता दिलेले दान तेथे राजस ठरविले आहे. मुलासाठी केलेल्या खर्चाला आपण दान म्हणत नाही, कर्तव्य म्हणतो. तरी ही कसोटी त्याला लावून पाहण्यासारखी आहे. शेजारच्या घरी जशी खोली आहे तशी आपल्याकडेही असावी, पाहुण्यांना दाखविता यावी, आपल्या बालपणी जे मिळाले नाही ते निदान डोळ्यांना दिसावे, हे हेतू मानवी आहेत आणि आम्ही त्यांची निंदा करीत नाही. पण त्यांचा लाभ ज्यांना होतो ते मूल नव्हे. शिवाय ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य अशाच खर्चातून पुढे जन्मास येते, आणि त्याची परतफेड मूल कितीही मोठे झाले तरी पुरी होत नाही.

बडोद्यासारख्या शहरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील गोपाळराव. 27 मे 1875 रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. 1890 मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. त्याच्या आवारात राजपुत्रांसाठी शाळेची निराळी इमारत उभारली गेली आणि मुलांना नेण्या-आणण्यासाठी लहानशी आगगाडीही होती. त्या इमारतीत आता वस्तुसंग्रहालय आहे. कवळाण्याच्या पोराने आपल्या लेकरांना निराळी शाळा दिली, यात बापाचा जीव दिसतो. परंतु त्याच राजाने 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, 1906 मध्ये ते सर्व राज्याला लागू केले, आणि 1910 मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना केली. ती शाळा आज उरलेली नाही. ग्रंथालय मात्र चालू आहे, आणि ज्या मुलीच्या फळीवर पाच पुस्तके मावतात तिला तेथे हजारो मिळतात. खोली लहान असली म्हणजे मुलाचे जग लहान राहते असे नाही; आईवडिलांनी शनिवारी त्याला तेथवर नेण्याची तसदी घ्यावयास हवी, इतकेच.

खर्चाविषयी ज्यांना खरोखर शिकावयाचे असेल त्यांनी ताराबाई मोडकांचे काम पाहावे. माँटेसोरीबाईंनी 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले, तेव्हा मुलांच्या उंचीची टेबले आणि मुलांना उघडता येतील अशी बुटकी कपाटे त्यांनी मुद्दाम करविली. विचार उत्तम, पण ते साहित्य महाग. ताराबाईंनी भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, आणि 1945 मध्ये बोर्डीस गरीब व आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालविली, तेव्हा बिया, शिंपले, पाने, दगड यांतून तेच साहित्य सिद्ध केले. त्यांनी विचारातील सार ठेवले आणि सामान बदलले. मुलाच्या उंचीला हात पोहोचणे हे सार. सागवानी कपाट हे सामान. आमच्या त्या कुटुंबाने सुताराकडून जुन्या पलंगाच्या फळ्या तासून दोन बुटक्या मांडण्या करून घेतल्या आणि नव्या कपाटाचा बेत सोडला.

काटकसर मात्र कोठे करू नये हेही सांगितले पाहिजे. जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासून काढला तर त्याची धूळ मुलाच्या पोटात जाते, आणि शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 पर्यंत मर्यादित करणारा नियम 2016 साली झाला आणि पुढील वर्षी अमलात आला. म्हणून नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, सुटा व बेनावाचा रंग घेऊ नये, जुना थर ओला करून काढावा आणि त्या दिवसांत मुलांना दुसरीकडे निजवावे. येथे हजार रुपये अधिक गेले तर ते जाऊ द्यावेत. भिंतीवरील चित्राला जे पैसे काढता येतात ते याला निघत नाहीत, असे आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. कारण शिसे पाहुण्यांना दिसत नाही.

बडोद्याच्या आसपास भिंत रंगविण्याची एक निराळीच रीत आहे. छोटाउदेपूरकडील राठवा लोक नवस फेडावयाचा असला म्हणजे घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे काढवितात. ते चित्र शोभेसाठी नसते. देवाला दिलेला शब्द पाळला गेला, याची ती भिंतीवरची खूण असते. त्या रीतीचे अनुकरण शहरी खोलीत करावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. नवस नसता नवसाचे चित्र काढविणे शोभणार नाही. परंतु भिंतीवर जे येते ते कोणाला दिलेल्या शब्दाने येते, हे विचारण्याची बुद्धी त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

आता आजींच्या खाटेविषयी. मुलीचा हक्क मानावयाचा तर आजींचाही मानला पाहिजे, आणि खोली तर एकच. ‘म्हातारपणी माणसाने पसारा आवरावा’ हा उपदेश सोपा आहे. तो बहुधा तरुण करतात. आजींना कोणीतरी उघडपणे विचारणे अगत्याचे होते, आणि शेवटी सुनेने ते विचारले. “आई, तुम्हांला काय वाटते ते सांगा, आमच्याकडे पाहू नका,” असे ती म्हणाली. त्यांनी खिडकीजवळची बाजू मागितली, कारण सकाळी जप करताना तेथे ऊन येते. ट्रंक खाटेखाली गेली, शिवणयंत्र बैठकीच्या खोलीत आले, आणि पडदे त्याच यंत्रावर आजींनी जुन्या सुती लुगड्यांचे शिवले. रंग मुलीने निवडला, फिका हिरवा. एक भिंत खडूसाठी काळी केली; आजींना ती अशुभ वाटली, तेव्हा तिच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः स्वस्तिक काढले, आणि ते पुसावयाचे नाही असे ठरले.

पंधरा हजारांपैकी काही रक्कम उरली. ती धाकट्यासाठी बाजूला ठेवली आहे. तो आता सहा वर्षांचा आहे आणि आपली भिंत कोणती असे रोज विचारतो.