मोठे शीड

लहानपणी मालवणला मामाच्या होडीवर मोठे शीड लावायचा मी हट्ट धरला होता. समोर सिंधुदुर्ग, भोवती पाण्यात दडलेले खडक. मामा म्हणाला, “शीड मोठा झाला म्हणान हात मोठो होणा नाय, झिला. आदी ल्हान शिडार किल्ल्यार जावन ये.”

परवा मित्राच्या मुलाने ती आठवण जागी केली. विमानातून उडी मारायला तो नुकताच शिकलेला, आणि त्याला हवी लहान, चपळ हवाई छत्री. नवशिक्याला वजनाच्या दर पौंडामागे निदान 1 चौरस फूट कापडाची छत्री सुचवतात. ती संथ उतरते, चुका पोटात घालते. लहान छत्री जराशा ओढीने गर्रकन वळते. म्हणून पूर्ण उघडलेल्या, निर्दोष छत्रीखालीही माणसे जमिनीवर आदळून मेली आहेत.

“काका, जीव माझा आहे,” तो म्हणाला.

जीव त्याचाच, हे खरे. पण अननुभवाला स्वतःचा अननुभव दिसत नाही. मग आपली पात्रता एकट्याने कशी जोखावी? त्यासाठी दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. त्यात कमीपणा कसला?

मला किल्ला गाठायला दोन हंगाम लागले. तोवर मोठ्या शिडाची हौस तशीच होती. घाई तेवढी गेली होती.