एकमेकांना समजावताना



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 10, श्लोक 9.

भगवंत इथे आपल्या भक्तांची ओळख सांगतात. त्यांचं चित्त माझ्यात गुंतलेलं असतं, प्राण माझ्या ठायी ठेवलेले असतात. ते एकमेकांना बोध करतात, माझ्याविषयी बोलत राहतात आणि त्यातच तृप्त होतात, रमतात.

यातला 'एकमेकांना' हा शब्द पकडून ठेवा. एक जण कायमचा गुरुजी आणि बाकीचे कायमचे श्रोते, अशी मांडणी इथे नाही. ज्ञानेश्वर माऊलींनी या श्लोकावर फार सुंदर दृष्टांत दिलाय. शेजारी शेजारी दोन तळी आहेत, दोन्ही भरून उचंबळली, की पाणी एकमेकांत मिसळतं. मग ही लाट कुठल्या तळ्याची, हे सांगता येत नाही. पण अट लक्षात घ्या, तळं आधी भरलेलं हवं. दोन कोरडी तळी कितीही जवळ असली तरी मिसळणार काय?

परवा एका वाचकाने विचारलं, "दादा, दोन वर्षं दर आठवड्याला चर्चा करतोय. साक्षात्कार सोडा, राग पण कमी झाला नाही. मग या चर्चेचा उपयोग काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर पुढच्याच दोन श्लोकांत आहे. भगवंत म्हणतात, अशा प्रेमाने भजणाऱ्यांना बुद्धियोग मी देतो, आणि त्यांच्या आत राहून ज्ञानाच्या दिव्याने अंधार मीच घालवतो. म्हणजे दिवा चर्चा लावत नाही. चर्चा फक्त वात पुढे सारते, तेल घालते. आणि दिवा लागतो तो आत, जिथे ग्रुपमधलं दुसरं कोणी येऊ शकत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड रिव्ह्यूत चार जण चूक दाखवतील, पण दुरुस्ती ज्याची त्यालाच करावी लागते.

मग सहाव्या अध्यायात भगवंत एकट्याने, एकांतात बसायला सांगतात, त्याचं काय? समूह खरा की एकांत? याचं उत्तर आपल्याच परिसरात आहे. चाकणच्या एमआयडीसीजवळ भामचंद्र डोंगर आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, घरातली माणसं गेली. परंपरा सांगते, की त्यानंतर ते या डोंगरावर पंधरा दिवस एकटे बसले आणि तिथे त्यांना साक्षात्कार झाला. शोधत आलेला धाकटा भाऊ कान्होबा भेटला. मग तुकोबांनी लोकांची कर्जखतं मागवली, भावाचा अर्धा वाटा त्याच्याकडे दिला आणि आपल्या वाट्याची कागदपत्रं इंद्रायणीत सोडली. एकांतात जे दिसलं, त्याचा पहिला पुरावा व्यवहारात दिसला!

पण ते डोंगरावरच राहिले नाहीत. देहूत कीर्तन उभं राहिलं, साथीला चौदा टाळकरी आले. त्यांच्यातले संताजी जगनाडे चाकणचे, तेलाचा घाणा चालवणारे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. म्हणजे एकांतात सापडलेलं समूहाने सांभाळलं, म्हणून आज आपल्यापर्यंत पोचलं.

आता आपल्याकडचं बघू. आमच्या रविवारच्या बैठकीला एक मुलगा येतो. कंत्राटावर होता, मागच्या महिन्यात कंत्राट संपलं. आयकार्ड परत केलं, बसचा पास बंद झाला. त्या रविवारी आत्मस्वरूपावर जोरात चर्चा चालू होती. तो मध्येच म्हणाला, "आयकार्ड दिल्यापासून गावाला फोन करायची हिंमत होत नाहीये. आता मी कोण आहे, हे घरी काय सांगू?"

सगळे गप्प. तोपर्यंत 'मी कोण?' हा चर्चेचा विषय होता, त्याने तो खरा प्रश्न केला. एक काका उपदेश करायला लागले, "देह नश्वर आहे बाळा..." तेव्हा दुसऱ्यांनी त्यांचा हात हळूच दाबला. मग दोघांनी त्याच्या कामाचं काय करता येईल ते विचारलं, आणि एकाने तिथेच त्याच्या घरी फोन लावून दिला. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायला प्रश्नाबरोबर सेवाही सांगितली आहे. त्या दिवशी ती सेवा अशी झाली.

पण 'मी कोण' हे उत्तर त्याला कोणीच देऊ शकलं नाही, आणि देऊही नये. नोकरी होती तेव्हा नोकरी गेल्याची भीती कोणाला होती? गेल्यावर जी लाज वाटतेय, ती कोणाला दिसतेय? हे त्याचं त्यालाच बघायचं आहे. आपल्यालाही. आयकार्ड गळ्यात असणाऱ्यांना तर जास्तच, कारण आपला प्रश्न अजून झाकलेला आहे.

आजची साधना :

1. बैठकीत बोलण्याआधी तपासा, हे मी जगलोय की फक्त वाचलंय? वाचलेलं असेल तर तसं सांगा.
2. कोणी दुःख सांगितलं तर एक मिनिट शांत राहा. श्लोक नंतर.
3. रात्री मोबाईल बाजूला ठेवून दहा मिनिटं बसा. आज राग आला तेव्हा माझ्यातल्या कोणत्या 'मी'ला लागलं? उत्तर सापडलं नाही तरी चालेल, प्रश्न सोडू नका.

तळं रोज थोडं थोडं भरत राहू द्या. रविवारी भेटलो, की लाटा आपोआप मिसळतील.

राम कृष्ण हरी!