मुदत एका वर्षाची

नांदेडहून लातूरला एस.टी.ने निघाले की लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे मागे पडत जातात, आणि रस्त्याकडेच्या एखाद्या भिंतीवर ओळखीची अक्षरे दिसतात : मर्दाना कमजोरीवर शर्तिया इलाज. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतातच, कारण दवाखान्याच्या रांगेत बसायला लाजणारे गिऱ्हाईक तयार आहे.

माझ्या खालेचा मुलगा त्यातलाच. लातूरला छोटे दुकान, वय चौतीस, शादीला सहा वर्षे झालेली आणि औलाद नाही. या सहा वर्षांत भावजयीची दोनदा सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली, मन्नती झाल्या. त्याची स्वतःची मात्र एकही तपासणी झाली नव्हती. त्याला मधुमेह होता, अंगात सतत थकवा होता, पण हे त्याने कुणाला सांगितले नाही. ओळखीतल्या एकाकडून तो गुपचूप ‘ताकदीची सुई’ घेत राहिला. घरात दुसऱ्या निकाहची भाषा सुरू झाली तेव्हा एके रात्री त्याने मला हळूच विचारले, “भाई, मरद की बी जाँच होती क्या?”

मी पडलो उर्दू शाळेचा मास्तर. त्याला नांदेडला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ती सुई टेस्टोस्टेरॉनची निघाली. पुरुषाच्या शरीरात हा रस मेंदूच्या हुकमाने अंडकोषात तयार होतो. तो बाहेरून मिळू लागला की मेंदू आपला हुकूम थांबवतो आणि त्याबरोबर शुक्रजंतू तयार होणेही मंदावते, कधी पूर्ण बंद पडते. म्हणजे औलादीच्या आशेने घेतलेली सुईच औलादीच्या आड आली होती! ती बंद केल्यावर बहुतेकांचे काम काही महिन्यांत पूर्ववत होते, असा दिलासाही डॉक्टरांनी दिला.

नपुंसकता वेगळी, वंध्यत्व वेगळे आणि टेस्टोस्टेरॉन कमी असणे वेगळे. भिंतीवरची जाहिरात तिन्हींना एकाच ‘कमजोरी’त कोंबते आणि आपणही तेच करतो. टेस्टोस्टेरॉनची कमतरता ठरवायला लक्षणे तर हवीतच, शिवाय वेगवेगळ्या दिवशी सकाळी दोनदा रक्त तपासावे लागते. लठ्ठपणा आणि मधुमेहात ते घटते, वजन उतरवले तर काही अंशी वाढतेही. खरी कमतरता असेल तर आज जेल आहे, इंजेक्शन आहे, अमेरिकेत 2019 पासून नव्या धर्तीच्या कॅप्सूलही आल्या आहेत. 2023 साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. या उपचाराने हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वाढला नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणे यांचे प्रमाण थोडे जास्त दिसले. ज्याला मूल हवे आहे त्याच्यासाठी मात्र औषधांची वाट वेगळी असते. हे सारे डॉक्टरने ठरवायचे असते, सुई देणाऱ्या दोस्ताने नव्हे.

पण माझा प्रश्न औषधाचा नाही. आजार लपवून त्याचा बोजा दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणे, याला मर्दानगी म्हणायचे का?

1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात एक कलम आहे. नवरा शादीच्या वेळी नपुंसक असेल आणि पुढेही तसाच राहिला असेल, तर बायको तलाक मागू शकते. मात्र नवऱ्याने अर्ज केला तर आपण बरे झालो हे सिद्ध करायला कोर्ट त्याला एक वर्ष देते. आपल्या फिक्हमध्येही ‘इन्नीन’ नवऱ्याला वर्षाची मुदत जुन्या काळापासून आहे. माझ्या भावाचे प्रकरण या कलमात बसत नाही, पण त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. आपल्या बुजुर्गांनी या गोष्टीला बेइज्जती मानले नाही, आजार मानले. आजाराला इलाजासाठी वेळ दिला आणि बायकोचा हकही शाबूत ठेवला.

आपण काय केले? वेळेची सवलत पुरुषासाठी ठेवली आणि तपासणी बाईच्या माथी मारली. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचेही कारण असते, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. त्याची पहिली तपासणी साधी असते, सुई टोचावी लागत नाही. तरी आपल्याला आधी दुसरा निकाह आठवतो, पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी.

नांदेडहून परतल्यावर भावाने आपल्या अम्मीसमोर बसून सांगितले, “इसमें उसका कुसूर नहीं अम्मी, इलाज मेरा चालू है.” खाला बराच वेळ बोलली नाही. मग उठली आणि सुनेच्या हातचा चहा मागितला. दुसऱ्या निकाहची गोष्ट त्यानंतर त्या घरात निघाली नाही. मूल अजून झालेले नाही, कदाचित होणारही नाही. पण सहा वर्षांत पहिल्यांदा भावजय ईदला माहेरच्या बायकांत मान वर करून बसली. माझा भाऊ मला मर्द वाटला तो त्या दिवशी, अम्मीसमोर खरे बोलला तेव्हा.